टेबलावरची चिठ्ठी

दुसरा भाग वाचून संपला तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. मला इतका राग आला होता की पुस्तक उशाशीही ठेववेना. उठून ते बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि मगच दिवा मालवला. पहिला भाग तीन वर्षं माझ्या उशाशी होता. त्याची शिवण उसवली आहे, दोन पानं सुटी झाली आहेत, आणि कुणी वाचायला मागितलाच तर मी नवी प्रत आणून देते, ही देत नाही.

कादंबरीचं नाव इथे लिहीत नाही. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही, आणि अलीकडच्या रहस्यकथेचं नाव घेऊन तिचा शेवट फोडणं हा मला अपराध वाटतो. गोष्ट तेवढी सांगते.

एक हस्ताक्षरतज्ज्ञ बाई आहे. वादातली कागदपत्रं तपासून लिखाण खरं की खोटं ते सांगणं हा तिचा पेशा. तिच्याकडे एक पत्र येतं. कुणी एक बाई घरातून नाहीशी झाली आहे आणि मागे चार ओळी ठेवून गेली आहे. मी जाते आहे, शोधू नका, अशा अर्थाच्या. त्या ओळी तिनं लिहिल्या की तिच्या नवऱ्यानं, एवढंच ठरवायचं आहे. तुलनेसाठी नमुने हवेत म्हणून ही तज्ज्ञ बाई नवऱ्याला समोर बसवते आणि लिहायला सांगते. पुन्हा पुन्हा, तेच शब्द. तो लिहीत असतो आणि ती त्याच्या बोटांकडे बघत असते, कारण ते तिचं कामच आहे. त्या पंधरा-वीस पानांत कुणी कुणाला स्पर्शही करत नाही, तरी तो प्रसंग मी घरात एकटी असतानाच वाचते.

लेखिकेनं या पेशाचा नीट अभ्यास केला आहे. खरं हस्ताक्षर वाहतं असतं. हात सवयीनं चालतो, दाब आपसूक कमी-जास्त होत जातो. नक्कल करणारा चित्र काढल्यासारखं लिहितो. त्याची रेघ संथ पडते, बारीक थरथरते, नको तिथे पेन उचललेला दिसतो, झालेल्या अक्षरावर पुन्हा गिरवलेलं दिसतं. शिवाय दुसऱ्याचं वळण उचलताना माणसाचं सगळं लक्ष ठळक अक्षरांवर असतं, आणि टिंब, जोडरेषा, शेपटी अशा बिनमहत्त्वाच्या जागी त्याची स्वतःची सवय सांडून जाते. एका अक्षराची डावीकडे वळलेली शेपटी, हा या कादंबरीचा कणा आहे.

बाई त्याच्याकडे ओढली जाते. शरीरानं ओढली जाते, आणि लेखिका ते आडपडदा न ठेवता लिहिते. हा माणूस कदाचित खुनी असेल हे बाईला ठाऊक आहे, वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि त्या प्रसंगांना जी धग आहे ती तिथूनच येते. त्याचा हात तिच्या मानेवर टेकतो तेव्हा तो कुरवाळेल की आवळेल हे त्या ओळीपर्यंत खरोखर कळत नाही. मी श्वास धरून वाचलं होतं ते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रानं शृंगार आणि भयानक हे दोन रस एकमेकांचे वैरी मानले आहेत. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त शृंगाराच्या विरोधी रसांमध्ये करुण, बीभत्स, रौद्र आणि वीर यांच्या पंगतीला भयानकही बसवला आहे. एकाला पान मांडलं की दुसऱ्यानं उठायचं. शृंगारात रमायला मन निर्धास्त हवं आणि भ्यालेलं मन रमत नाही, हे मला पटतंही. पण बोल्ड थ्रिलर म्हणून आपण जे वाचतो त्याचा सगळा डोलारा या दोन वैऱ्यांना एका खोलीत कोंडूनच उभा राहिलेला असतो. तो कोसळत कसा नाही, याचं थोडं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडतं. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूल अरुंद, डुलणारा, खाली 230 फूट खोल दरी. पुलावर आलेल्या पुरुषांना एक तरुणी प्रश्नावली भरायला सांगायची आणि शेवटी आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेणाऱ्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर तिला फोन केला. जवळच्याच एका भक्कम, बुटक्या पुलावर तीच तरुणी उभी राहिली तेव्हा 16 पैकी फक्त 2 जणांनी. आकडे लहान आहेत, त्यांच्यावर फार मोठा इमला चढवायला नको. पण काळीज धडधडतंय ते दरीमुळे की समोरच्या माणसामुळे, याचा हिशेब शरीराला नीट लावता येत नाही, हे मला त्या पुस्तकानं आधीच शिकवलं होतं.

पहिल्या भागाचा शेवट असा. ती अहवालावर सही करते: पत्र बाईनंच लिहिलेलं आहे. त्याच संध्याकाळी ती त्याच्या घरी जाते. तो नसतो. टेबलावर एक चिठ्ठी असते, घाईत लिहिलेली. ‘उशीर होईल. दार आतून लावून घे.’ आणि त्या साध्या घरगुती चिठ्ठीत, एका अक्षराची शेपटी डावीकडे वळलेली असते. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज येतो. ती चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये टाकते. पुस्तक संपतं.

तीन वर्षं मी त्या पर्समध्ये राहिले, असंच म्हणेन. माझ्या मनात काही शंकाच उरली नव्हती. तो खुनी आहे, तिला ते कळलं आहे, आणि तिनं पुरावा लपवून त्याची निवड केली आहे. रात्री झोप लागेपर्यंत मी पुढची गोष्ट रचत असायची. ती त्याच्या शेजारी कशी झोपत असेल? तो लिहायला बसला की तिच्या अंगावर काटा येत असेल का? काटा आला की ती जवळ सरकत असेल की लांब? माझी त्या वर्षांतली बरीचशी खरी रात्र कंटाळवाणी आणि एकटी होती. ही दुसरी रात्र माझी स्वतःची होती आणि तिच्यात मी कुणालाही येऊ दिलं नव्हतं. लेखिकेलाही.

दुसऱ्या भागात ती दोघं एकत्र राहत आहेत. नवव्या प्रकरणात कळतं की नाहीशी झालेली बायको जिवंत आहे, दुसऱ्या शहरात, स्वतःच्याच नावानं. कुणी तिला मारलं नव्हतं. ती एका शब्दानंही न सांगता निघून गेली होती. पत्र मात्र खरोखरच त्यानं लिहिलं होतं. रिकाम्या घरात दोन रात्री काढल्यावर, तिसऱ्या रात्री त्यानं टेबलाशी बसून तिच्या अक्षरात तो निरोप लिहिला, कारण निरोपाशिवाय कुणी आपल्याला सोडून जाऊ शकतं हे त्याला सोसेना.

म्हणजे शेपटी खरी, खून खोटा. तीन वर्षं मी ज्याला घाबरून जवळ घेतलं होतं तो माणूस एक दुखावलेला नवरा निघाला.

आमच्या वाचनगटात आम्ही अकरा जण आहोत. बहुतेकांचा पहिला भाग पाठ म्हणावा इतका वाचून झालेला. दुसरा भाग ज्या बैठकीत घेतला तिच्याइतकी तापलेली बैठक मी पाहिलेली नाही. एकानं साठाव्या पानावर पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही. दुसरीला नववं प्रकरण वाचून रडू कोसळलं होतं आणि ते सांगतानाही तिचा गळा भरून आला. पहिल्या भागाची सर नाही, हे वाक्य तर चौघांनी म्हटलं. मी त्यांतली एक. एक वयस्क गृहस्थ म्हणाले की दोन्ही भागांतले शयनगृहातले प्रसंग त्यांनी वगळूनच वाचले, आणि तसं वाचलं तर रहस्य म्हणून दुसरा भाग जास्त बांधेसूद आहे. त्यावर एक मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, मी फक्त तेच प्रसंग वाचले. आणि ते दुसऱ्या भागात विझले आहेत.” तिच्या धीटपणाचं मला कौतुक वाटलं, कारण तेच माझंही म्हणणं होतं आणि मी ते रहस्याच्या बांधणीबद्दलच्या भाषेत गुंडाळून मांडत होते.

सगळ्यांत गप्प बसलेल्या एका बाईंचा आक्षेप मला आजही सुटत नाही. त्या म्हणाल्या, त्या तज्ज्ञ बाईनं खोट्या अहवालावर सही केली. दुसऱ्या भागात कुणाला तो अहवाल आठवतसुद्धा नाही. ती चूक ठरली नाही कारण नवरा निर्दोष निघाला. पण सही करताना तिला ते कुठे ठाऊक होतं? हा प्रश्न लेखिकेनं खरंच वाऱ्यावर सोडला आहे. पहिल्या भागात इतका जिवंत झालेला तो पोलीस अधिकारीही दुसऱ्या भागात दोन पानांत बदली होऊन निघून जातो. मधली शंभरेक पानं रेंगाळतात. आणि ती मुलगी म्हणाली ते खरं आहे: जवळिकीचे प्रसंग तेच, शब्दही बरेचसे तेच, फक्त खाली दरी नाही.

आणखी एक जण होता, ज्यानं पहिला भाग वाचलेलाच नव्हता. त्याला दुसरा भाग फार आवडला होता. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. पहिला न वाचता दुसरा आवडतोच कसा? तो बिचारा म्हणाला, “एका माणसाला कुणी न सांगता सोडून गेलं आणि त्यानं स्वतःच स्वतःला पत्र लिहिलं. एवढी गोष्ट मला पुरली.”

त्या रात्री घरी येताना मला जाणवलं की या बैठकीत पुस्तकाचा एकही तटस्थ वाचक नव्हता, तो एक सोडला तर. दुसऱ्या भागाचा वाचक हा गाळून आलेला वाचक असतो. ज्यांना पहिला भाग नावडला ते आधीच निघून गेलेले असतात. याच्या उलट काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. बलाझ कोवाच आणि अमँडा शार्की या दोन अभ्यासकांनी 2014 साली पुस्तकांवरच्या 38 हजारांहून अधिक वाचक-अभिप्रायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि त्याच पुरस्काराच्या शेवटच्या यादीपर्यंत जाऊन मागे राहिलेली पुस्तकं अशा जोड्या त्यांनी लावल्या. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचे तारे घसरले. नावलौकिक ऐकून असे वाचक आले, ज्यांची मुळात ती आवडच नव्हती. तिथला नाराज वाचक परका असतो. दुसऱ्या भागाचा नाराज वाचक घरचा असतो. पाचपैकी एक तारा देणाऱ्याच्या उशाशीही बहुधा पहिल्या भागाची शिवण उसवलेली प्रत असते. म्हणूनच त्या एका ताऱ्याला एवढी धार असते. दुसऱ्या भागांवरचे रागीट अभिप्राय मी आता वेगळ्या कानानं ऐकते. ‘पैसे फुकट गेले’ या चालीवरचे ते नसतातच. ‘तू बदललास’ या चालीवरचे असतात.

हे दुखणं चांगलं जुनं आहे. सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या ‘दोन किहोते’चा, म्हणजे आपल्याकडे ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतात त्या कादंबरीचा, पहिला भाग 1605 साली आला. 1614 मध्ये आवेयानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणी एकानं त्याचा खोटा दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेसनं आपला खरा दुसरा भाग 1615 मध्ये आणला. या दुसऱ्या भागातली पात्रं पहिल्या भागाबद्दल ऐकून आहेत, आणि एक विद्यार्थी येऊन त्यांना वाचकांचं म्हणणं सांगतो. कुणाला पवनचक्क्यांचा प्रसंग आवडला, कुणाला दुसराच. मध्येच घुसवलेली एक कथा बऱ्याच जणांना खटकली. नायकाचा सेवक सांचो, त्याचं चोरीला गेलेलं गाढव पुढे त्याच्याखाली परत कसं आलं ते कुणालाच कळलं नाही. दुसरे भाग कधी चांगले झालेत का, असं काही लोक म्हणतात, हेही तोच सांगतो. चारशे वर्षांपूर्वीचं ते पान वाचताना मला आमची अकरा जणांची बैठक दिसली. सर्व्हान्तेस वाचकांना गप्प बसवत नाही. गाढवाचा खुलासा तो सांचोकडूनच देववतो. आणि खोट्या दुसऱ्या भागात नायक सारागोसाला गेला होता म्हणून हा खरा नायक वाट बदलून बार्सिलोनाला जातो.

पण शृंगाराचं दुखणं वेगळं. त्यासाठी मला सॅम्युअल रिचर्डसन या इंग्रज लेखकाची ‘पामेला’ जवळची वाटते. 1740 ची कादंबरी. पंधरा वर्षांची मोलकरीण, तिच्या मागे लागलेला तिचा धनी, दारं, कड्या, लपवून पाठवलेली पत्रं. वाचक अक्षरशः खुळावले. पुस्तकाच्या शेवटी दोघांचं लग्न होतं. दुसऱ्याच कुणी तरी पुढचा भाग लिहून छापला तेव्हा रिचर्डसनलाही 1741 मध्ये स्वतःचा पुढचा भाग लिहावा लागला. त्यात पामेला सुखी आहे. ती मुलांच्या संगोपनावर लिहिते, तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या शिक्षणविचारांवर टिपणं काढते. दाराला कडी लावायचं कारणच संपलेलं आहे. तो भाग आज फारसं कुणी वाचत नाही. रिचर्डसनची लेखणी वर्षभरात बोथट झाली, असं मला वाटत नाही. पुढे ‘क्लॅरिसा’ त्यानंच लिहिली. पामेला सुरक्षित झाली, आणि तिच्या सुरक्षिततेत त्या वाचकाला करण्यासारखं काही उरलं नाही. मी हे वाचलं तेव्हा मला थोडी लाज वाटली. त्या मुलीची भीती संपावी असं त्या वाचकांना वाटत होतं की लांबावी असं?

उलट बाजूचंही एक ठळक उदाहरण आहे. टॉमस हॅरिसची ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ 1988 ची. एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेची तरुण प्रशिक्षणार्थी क्लॅरिस आणि काचेपलीकडचा नरभक्षक डॉक्टर हॅनिबल. दोघांमध्ये जे काही आहे त्याला त्या पुस्तकात नाव नाही. काचच सगळं बोलते. अकरा वर्षांनी, 1999 मध्ये ‘हॅनिबल’ आली आणि तिच्या शेवटी लेखकानं ती काच काढून टाकली. दोघं एकमेकांची होतात. वाचक उभे दुभंगले. क्लॅरिसचा विश्वासघात झाला असं अनेकांना वाटलं, आणि पहिल्यापासून हेच तर होणार होतं असं म्हणणारेही निघाले. 2001 च्या चित्रपटात तो शेवट बदलला, आणि आधीच्या चित्रपटात क्लॅरिस झालेली जोडी फॉस्टर पुन्हा त्या भूमिकेत आली नाही. इथे लेखकानं वाचकाला सुरक्षित केलेलं नाही, त्याला भीतीच्या पार पलीकडे नेलं आहे. तरी राग तोच. काचेपलीकडे आपण काय ठेवलं होतं ते प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि हॅरिसनं तिथे स्वतःचं काही ठेवलं.

मी दुसऱ्या भागावर इतकी चिडले होते की शेवटी वहिनींना फोन केला. वहिनी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. आयुष्यभर गणित शिकवलं, आणि रहस्यकथा त्या गणितासारख्याच वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. पहिला भाग मला त्यांनीच दिला होता. मला वाटलं, त्या माझ्याहून जास्त चिडल्या असतील.

“मला फार आवडला गं दुसरा भाग,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुम्हाला? अहो, सगळं गणितच मोडलंय त्यात.”

“तुला नक्की राग कशाचा आलाय? तो खुनी निघाला नाही याचा?”

मी हो म्हणाले. म्हटल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. एका बाईचा खून झाला नाही, ती जिवंत आहे, आणि मी त्यामुळे पहाटे सव्वातीनला पुस्तक बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं.

वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पहिला भाग वाचताना मी सबंध वेळ त्या मुलीच्या काळजीत होते. तुला ज्यात गोडी वाटत होती ना, ते प्रसंग मी भराभर उलटत होते, ती जिवंत राहते की नाही ते बघायला. दुसऱ्या भागात ती पहिल्यांदा गाढ झोपते. सातव्या प्रकरणात बघ. मला इतकं बरं वाटलं.”

सातवं प्रकरण मला आठवतच नव्हतं. तिथे काही घडत नाही म्हणून मी ते चाळून पुढे गेले होते.

“आणि चौदावं?” वहिनींनी विचारलं. “त्यात ती त्याला ते पत्र पुन्हा लिहायला सांगते.”

तेही मी रागाच्या भरात, रात्री दोनच्या सुमाराला, डोळ्यांखालून घातलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नीट वाचलं. ती त्याला समोर बसवते. पहिल्या भागात बसवलं होतं तसंच, टेबलाच्या त्याच बाजूंना. पेन देते आणि म्हणते, त्या चार ओळी पुन्हा लिही, माझ्यासमोर. तो लिहायला लागतो आणि त्याला जमत नाही. बायकोचं अक्षर त्याच्या हातातून गेलेलं आहे. उरलंय ते त्याचं स्वतःचं, वेडंवाकडं, आणि शेवटी शेपटी. ती त्याच्या बोटांकडे बघत राहते. मग त्याच्या हातावर हात ठेवते, पेनसकट. एवढंच. त्या पानावर कुणाच्या अंगावरचं वस्त्र ढळत नाही. सबंध दुसऱ्या भागात जवळिकीचा खरा प्रसंग हाच आहे, आणि बाकीचे तेच-ते प्रसंग लेखिकेनं गाळले असते तर हा किती उजळला असता, असं वाटून मला पुन्हा एकदा तिचा राग आला. पण हा राग वेगळा होता. यात मी पुस्तकाच्या बाजूची होते.

मधल्या शंभर पानांबद्दल माझं मत बदललेलं नाही. खोट्या सहीचा हिशेब लेखिकेनं द्यायला हवा होता, याबद्दल तर नाहीच नाही. गटातल्या त्या बाईंना मी हे भेटून सांगितलं. त्या म्हणाल्या, तिसरा भाग आला तर त्यात असेल कदाचित. तिसरा भाग यावा की नाही, हे मला त्या क्षणी खरंच सांगता येईना.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या, आपली पहिल्या भागाची प्रत घेऊन. त्यांच्या प्रतीत शेपटी जिथे जिथे येते तिथे समासात पेन्सिलीनं बारीक आकडे आहेत, एक ते सतरा. मी माझी प्रत काढली. दोघी शेवटच्या पानावर आलो.

“इथेच तर माझं ठरलं होतं,” मी म्हणाले. “तिनं चिठ्ठी पर्समध्ये टाकली. म्हणजे तिनं त्याला वाचवायचं ठरवलं.”

“पर्समध्ये कुठे? ती चिठ्ठी परत टेबलावर ठेवते,” वहिनी म्हणाल्या. “होती तशी. त्याला कळू नये म्हणून. ती घाबरलेली असते.”

मी ते पान वाचायला घेतलं. मोठ्यानं. किल्ली फिरते. पावलं वाजतात. ती चिठ्ठीची घडी घालते, एकदा, मग आणखी एकदा. पूर्णविराम. त्याच्या खाली काही नाही.

वहिनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आपल्या प्रतीतलं तेच पान दिव्याखाली धरलं. मीही माझ्या प्रतीतलं मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. त्या घरात शिरताना तिच्या हातात काय काय होतं ते लेखिकेनं लिहिलं आहे: छत्री, आणि अहवालाची एक प्रत.

“मग पर्स आली कुठून?” वहिनींनी विचारलं.